धांवणाराची तहान

संस्कृत भाषेनें पाण्यास 'जीवन' असें नांव दिलें आहे. खानदेशांतील माणसास या नांवाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. वैशाखांत जळगांव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांवर चढतो, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि दारीं आलेल्या पाहुण्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवल्यावांचून यजमानास चैन पडत नाहीं. अशा मुलखांत माणसें केवळ हौसेखातर पांच-सहा कोस धांवतात, हें जुन्या पिढीस चमत्कारिक वाटलें तर नवल नाहीं. परंतु पहांटे जळगांवच्या मेहरूण तलावाकांठीं जाऊन पाहावें. अशी हौशी मंडळी तेथें दिसते. आमचा पुतण्या त्यांपैकींच एक.

या नादाचें बीज घरांत मींच पेरलें. कॉलेजांत असतांना मी धुळ्याहून लळिंगच्या रस्त्यानें धांवत असें. धांवतांना पाणी पिणें हें त्या काळीं दुबळेपणाचें लक्षण समजलें जाई; जो तहान मारील तोच खरा गडी! एके दिवशीं चैत्राच्या उन्हांत, दहाच्या सुमारास, लळिंगचा किल्ला समोर दिसत असतांना माझ्या डोळ्यांपुढें अंधारी आली. शुद्धीवर आलों तेव्हां निंबाच्या सावलींत पडलों होतों आणि कोणी एक अनोळखी गृहस्थ माझ्या अंगावर कळशीनें पाणी ओतीत होते. त्या गृहस्थांचें नांव विचारण्याचें भानही मला राहिलें नाहीं, ही रुखरुख अजून आहे.

हा वेडगळपणा माझ्या एकट्याचा नव्हता. १९०४ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथील मॅरेथॉन शर्यत भर उन्हांत, धुळीच्या रस्त्यावरून झाली, आणि वाटेंत पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. तहानेचा शरीरावर काय परिणाम होतो हें चालकांस पाहावयाचें होतें. ३२ जण धांवले, त्यांतील अवघे १४ शेवटास पोंचले. विजयी झालेल्या हिक्स यास वाटेंत कुचल्याचें सत्त्व आणि ब्रँडी पाजून कसेंबसें पुढें न्यावें लागलें!

माझी ही हकीकत लहानपणापासून ऐकल्यामुळें पुतण्यानें नेमकें उलटें टोक गांठलें. पहिल्या मोठ्या शर्यतींत तो चार तासांहून अधिक वेळ धांवला आणि जेथें जेथें पाणी मिळालें तेथें तेथें पेल्यामागून पेले प्याला. घरीं आला तो डोकें धरून. ओकाऱ्या सुरू झाल्या; बोलणें असंबद्ध होऊं लागलें. 'ऊन लागलें असेल' असें म्हणून वहिनी त्यास आणखी पाणी पाजूं लागल्या. सुदैवानें आम्हीं त्यास वेळेवर इस्पितळांत नेलें. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "याच्या अंगांत पाणी कमी नाहीं, जास्त झालें आहे. रक्तांतील मिठाचा अंश उतरला आहे." ती रात्र वहिनींनीं त्याच्या उशाशीं बसून काढली. सकाळीं त्या मला एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, आतां हें धांवणें पुरे." मजजवळ उत्तर नव्हतें.

पुढें वाचन केल्यावर समजलें कीं, ही चूकही जगानें आधींच केलेली आहे. २००२ सालच्या बोस्टन येथील मॅरेथॉनमध्यें एक तरुणी याच विकारानें दगावली. त्याच शर्यतींतील ४८८ जणांचें रक्त तपासलें असतां शेंकडा १३ जणांत सोडियमचें प्रमाण उतरलेलें आढळलें. आणि ज्यांचें वजन धांवून कमी होण्याऐवजीं वाढलें होतें त्यांस धोका अधिक होता.

मग करावें तरी काय? उत्तर साधें आहे: तहानेस नोकर समजूं नये, तसेंच तिला धनीणही करूं नये, तिला शहाणी सोबतीण मानावें. तहान लागली कीं थोडें थोडें प्यावें, भागली कीं थांबावें. आपणांस घाम किती येतो हें कळण्यासाठीं धांवण्यापूर्वीं व नंतर वजन करावें. तासाभरांत वजन एक किलो उतरलें तर सुमारें एक लिटर घाम गेला असें समजावें. मात्र तो सगळा लगोलग भरून काढण्याचा अट्टाहास नको. वजन वाढलेलें दिसलें तर पाणी खात्रीनें जास्त झालें. एक तासाहून अधिक धांवावयाचें असल्यास मीठ-साखर घातलेलें लिंबाचें सरबत चांगलें. परंतु मिठाच्या भरंवशावर पाणी बेसुमार पिऊं नये. घरीं आल्यावर ताक, केळें आणि नेहमींचें जेवण पुरेसें होतें. रक्तदाबाचा विकार असणारांनीं मात्र डॉक्टरांस विचारूनच मीठ घ्यावें.

धांवणारा बरळूं लागला तर घरच्यांनीं त्यास बळेंच पाणी पाजूं नये. सावलींत न्यावें, अंग तापलें असल्यास पाणी ओतून निववावें आणि तत्काळ डॉक्टर गांठावा. ऊन लागणें व पाणी जास्त होणें यांचीं लक्षणें वरवर सारखींच दिसतात.

शरीरास उन्हाची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून उन्हाळा सुरू होतांच धांव निम्मी करावी व हळूहळू वाढवावी. आठवड्यांतून एकच दिवस लांब पल्ला. इतर दिवशीं सोबत्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवावें. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं सुमारें पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. अशी मजल एका हंगामाच्या हट्टानें साधत नाहीं.

पुतण्या चार महिने धांवला नाहीं. नंतर एका पहांटे वहिनींनींच धान्य तोलण्याचा कांटा पडवींत आणून ठेवला व म्हणाल्या, "यावर उभा राहा, मग जा." हल्लीं भिंतीवरील कालनिर्णयावर त्याच्या वजनाचे दोन आंकडे रोज त्या स्वतः लिहितात. तो परत येईपर्यंत त्यांचें लक्ष अजून दाराकडे असतें. तें मात्र कोणत्याही वजनकांट्यानें हलकें होणारें नाहीं.