टॉर : वेग आणि गुप्तता

श्रोतेहो, २००२ साली सुरू झालेले टॉरचे जाळे मंद का चालते? आपली मागणी तीन वेष्टनांत गुंडाळली जाते. वाटेवरचे तीन संगणक एकेक वेष्टन काढून ती पुढे धाडतात. त्यामुळे कोणी मागितले आणि कोणत्या संकेतस्थळाकडे मागितले, हे दोन्ही एकाही संगणकाला कळत नाही. हा वळसा म्हणजेच विलंब. तो वाचवण्यासाठी टॉर ब्राउझरच्या अंतर्गत मांडणीत फेरफार केले, तर तो इतरांहून निराळा दिसतो आणि त्या खुणेवरून ओळखू येतो. गर्दीत लपायचे, तर वेषही गर्दीचाच हवा! म्हणून वाट रेंगाळल्यास ब्राउझरनेच देऊ केलेली नवी वाट घ्यावी. उरलेला उशीर सोसावा. वार्ताहराला गुपचूप माहिती देणाऱ्याचे प्राण त्या चार क्षणांहून मोलाचे आहेत.