जुन्या पामवरचा मजकूर नव्या फोनवर नेताना

१९९६ साली 'पायलट' बाजारात आला आणि पुढची दहा-बारा वर्षे पामची हातात मावणारी यंत्रे जगभर वापरली गेली. त्यातली टिपणे, पत्ते, वाचनाच्या नोंदी, कधी एखाद्या लेखाचा कच्चा खर्डा आज फोनवर घ्यायला गेले, की फाइल उघडत नाही किंवा उघडली तरी वाचता येत नाही. 'जुनी फाइल खराब झाली' असे म्हणून माणसे तिचा नाद सोडतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. तो जातो तो आपल्या घाईमुळे आणि काही पक्क्या बसलेल्या समजुतींमुळे.

सर्वांत घातक समजूत म्हणजे 'बॅटरी संपली तरी आतला मजकूर कुठे जातो?' तो जातो. सुरुवातीच्या बहुतेक पाम यंत्रांत सगळा मजकूर वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असे. बॅटरी पूर्ण उतरली की सगळे पुसले जाई. वीज नसतानाही मजकूर राखणारी मेमरी पामने २००४च्या सुमारास, ट्रिओ ६५० आणि टंगस्टन टी५ या मॉडेलांपासून वापरली. म्हणून यंत्र अजून सुरू होत असेल तर बाकी सगळे सोडून आधी ते चार्जिंगला लावा. सेलवर चालणारे असेल तर नवे सेल हाताशी ठेवूनच जुने काढा. आणि यंत्र कायमचे बंद पडले असेल तरी लगेच हार मानू नका. हॉटसिंक करताना, म्हणजे पाम संगणकाला जोडून दोन्हींकडच्या नोंदी जुळवताना, पामवरच्या नोंदींची प्रत संगणकावर उतरत असे. घरातल्या जुन्या संगणकात पाम डेस्कटॉप या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये वापरणाऱ्याच्या नावाचा फोल्डर असतो, तो शोधा.

'टिपण म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. नावापुढे टीएक्सटी लावले की झाले.' हेही खरे नाही. पामवरची सगळी टिपणे एकाच छोट्या डेटाबेसमध्ये नोंदींच्या रूपात असतात आणि ती फाइल पीडीबी प्रकारची असते. पुस्तके आणि मोठे लेखही पीडीबीतच असत, पण ते बहुधा दाबून लहान केलेले असत. अशा फाइलचे नुसते नाव बदलले तर फोन आपल्याला वाचता न येणाऱ्या खुणा दाखवणारच. टिपणे पाम डेस्कटॉपमधून किंवा लिनक्सवरच्या जे-पायलटमधून टेक्स्ट म्हणून बाहेर काढता येतात. पामसाठीची बरीच पुस्तके कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर उघडते.

आता 'विचित्र चिन्हे दिसतात, म्हणजे फाइल बिघडली' या समजुतीकडे येऊ. इथे जरा थांबायला हवे, कारण खरे नुकसान इथेच होते. फाइलमध्ये अक्षरे नसतात, आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे एन्कोडिंग ठरवते. युरोपीय भाषांसाठीच्या पाम यंत्रांत विंडोज-१२५२शी मिळतेजुळते एन्कोडिंग होते, आजचे फोन यूटीएफ-८ गृहीत धरतात. साध्या इंग्रजी अक्षरांचे आकडे दोन्हींत सारखेच आहेत, त्यामुळे ती नीट दिसतात. गोल अवतरणचिन्हे, लांब रेघ, पौंडाचे चिन्ह किंवा फ्रेंच नावांतली अक्षरे यांच्या जागी मात्र काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. तोवर काहीच बिघडलेले नसते. पण त्याच अवस्थेत तुम्ही 'सेव्ह' केले, तर मूळ आकडे जाऊन त्या प्रश्नचिन्हाचाच आकडा फाइलमध्ये बसतो आणि मूळ अक्षर कोणते होते हे मग कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. संगणकावर नोटपॅड++ सारख्या एडिटरमध्ये फाइल उघडा, एन्कोडिंग विंडोज-१२५२ निवडा, मजकूर नीट दिसला की यूटीएफ-८मध्ये बदलून वेगळ्या नावाने साठवा.

मराठी मजकुराची गोष्ट वेगळी. पामच्या मूळ प्रणालीत देवनागरी नव्हती, त्यामुळे तिथले मराठी बहुधा रोमन लिपीतच सापडते. पण त्याच जुन्या संगणकात मराठी फाइली सापडल्या आणि त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' व त्यामागे चलनाचे किंवा येनचे चिन्ह सारखे सारखे दिसले, तर ती युनिकोड मराठी आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने उघडली आहे. यूटीएफ-८ निवडा, मराठी समोर येईल. याउलट श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फाँटमधल्या मजकुराचे एन्कोडिंग कितीही बदलले तरी उपयोग होत नाही. तिथे नेमक्या त्याच फाँटचा कन्व्हर्टर लागतो, आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात.

सगळा मजकूर एकाच ओळीत आला तर घाबरू नये. ओळ संपल्याची खूण वेगवेगळ्या प्रणालींत वेगळी असू शकते आणि ती कोणत्याही चांगल्या एडिटरमध्ये बदलता येते.

राहिला प्रश्न फाइल पाठवण्याचा. 'माझ्या फोनला इन्फ्रारेड आहे, पामलाही आहे, मग फाइल का जात नाही?' कारण आजच्या फोनमधले इन्फ्रारेड टीव्ही-एसीचा रिमोट म्हणून फक्त संकेत पाठवते, पामची फाइल घेण्यासाठी ते बनवलेलेच नाही. ब्लूटूथवरून आयफोन अशा फाइली स्वीकारत नाही. अँड्रॉइड साधी टेक्स्ट फाइल घेतो, पण अनोळखी प्रकारची फाइल नाकारू शकतो. हे ब्लूटूथ बिघडल्याचे लक्षण नव्हे. मेमरी कार्ड वापरणार असाल तर दोन जीबी किंवा त्याहून लहान घ्या. त्यापेक्षा मोठी कार्डे बऱ्याच जुन्या यंत्रांना वाचताच येत नाहीत.

काहीही करून पाहण्याआधी मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. आणि कपाटात असे एखादे यंत्र पडून असेल, तर ते आजच चार्जिंगला लावा.