घरातली भाषा पुस्तकात

मुलांनो, आजी रागावली की कशी बोलते? तसं पुस्तकात कुणी लिहील का? आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लिहिलं!

सुरतच्या एका विधवेला कडक शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रं सगळ्याच बायकांना नावं ठेवू लागली. ताराबाईंना राहवलं नाही. दोष फक्त बाईचाच का, असा सवाल त्यांनी अगदी रोखठोक, घरातल्या मराठीत विचारला. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

दूर युरोपातही असंच घडलं. तिथल्या ज्यू लोकांची घरातली भाषा यिद्दिश. तिला 'आईची बोली' म्हणत. पण विद्वानांचा मान हिब्रूला! हॅम्बर्गच्या ग्लिकल नावाच्या विधवेने १६९१ साली याच बोलीत, आपल्या मुलांसाठी, आठवणी लिहायला घेतल्या. त्या छापल्या गेल्या थेट १८९६ साली!

तुमच्या आजीचे शब्द, म्हणी कुणी लिहून ठेवल्यात का? आजच वहीचं एक पान त्यासाठी काढा.