दाखल्याआधीचे महिने

जूनमध्ये शाळा सुरू झाली की दुसरीच्या वर्गात एखादे मूल हमखास लक्षात येते. गोष्ट सांगायला सांगा, रंगवून सांगेल. फळ्यावरची ओळ वाचायला सांगा, मान खाली घालेल. वहीत ‘भ’चा ‘म’ होतो, रफार गळतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. आपण म्हणतो, दिवाळीपर्यंत वाट पाहू. दिवाळी होते, वार्षिक परीक्षा होते, मूल तिसरीत जाते. हे गेलेले महिने कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.

तसे पाहिले तर कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार शाळेत जाणाऱ्या मुलांची पाहणी दर ५ वर्षांनी व्हायला हवी. धोक्याची लक्षणे असलेली मुले ओळखण्यासाठी सर्व मुलांची चाचपणी वर्षातून किमान एकदा. अध्ययन अक्षमतेबाबत केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सूचना काढल्या. त्यांत तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी छाननी करावी असे सांगितले. दाखला मात्र ८ वर्षे पूर्ण झाल्यावरच, आणि पुढे १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. अर्ज केल्यावर दाखला देण्याची मुदत २०१७ च्या नियमांत एक महिना होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली.

आठच वर्षे का? कारण वाचन ही शिकवून येणारी गोष्ट आहे. सहा-सात वर्षांच्या अनेक मुलांच्या हातून ‘भ’चा ‘म’ होतो आणि पुढे आपोआप सुधारतो. उशिरा उमलणारे मूल आणि खरोखर अक्षमता असलेले मूल या वयात वेगळे ओळखणे अवघड. शिवाय तपासणीचा क्रमही ठरलेला आहे. आधी डोळे आणि कान पाहायचे, कारण वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला ‘प’ आणि ‘फ’ सारखेच ऐकू येत असतील तर दोष वाचनशक्तीचा नाही. मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्धिमापन, आणि सर्वांत शेवटी वाचन-लेखनाची चाचणी. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, साऱ्यांच्या ओळखीचे. पण चंदगडच्या पालकाला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. एकेका तपासणीसाठी एकेक खेप म्हणजे तेवढ्या दिवसांचा रोज बुडाला.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन गुंते आहेत. सीमाभागातील काही मुले घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. अशा मुलाची चाचणी एकाच भाषेत घेतली तर निष्कर्ष फसू शकतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ हा चाचणीसंच काढला, तो मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे. पहिली-दुसरीसाठीही त्यात छाननीचे साधन आहे. दुसरा गुंता ऊसतोडणीचा. बीडकडून टोळीबरोबर आलेले मूल हंगाम संपताच परत जाते. त्याचे वाचन कच्चे आहे ते शाळा तुटल्यामुळे की अक्षमतेमुळे, हे ठरायच्या आत ते गेलेले असते, आणि गावच्या शाळेत नोंद पुन्हा पहिल्यापासून.

आता मूळ मुद्दा. छाननीला वय आहे, दाखल्याला मुदत आहे. पण शिक्षकाच्या लक्षात आल्यापासून तज्ज्ञाने मुलाला तपासेपर्यंत किती दिवस लागावेत, हे या मुदतींत कुठेच येत नाही. इंग्लंडमध्ये पालकांनी मागणी केल्यावर तपासणी करायची की नाही हे ६ आठवड्यांत कळवावे लागते आणि मदतीचा आराखडा २० आठवड्यांत हाती द्यावा लागतो. तिथेही २०२३ साली निम्मेच आराखडे वेळेत निघाले. तरीपण मुदत ठरलेली असल्याने उशीर झाला हे पालकाला दाखवता येते. आपल्याकडे मोजायला सुरुवात कुठून करायची हेच ठरलेले नाही.

म्हणून सुरुवात आपणच करावी, असे आम्हांला वाटते. दाखला नाही तोवर मदत नाही, ही समजूत चुकीची आहे. परीक्षेतील जादा वेळ किंवा लेखनिक यांसाठी दाखला लागतो, शिकवण्यासाठी नाही. अधिनियमाचे १६ वे कलम अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्यास सांगते. त्यात दाखल्याची अट नाही. उलट शास्त्राचे म्हणणे पाहा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ठरवलेल्या निकषांनुसार, नेमकी मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकली तरच अध्ययन अक्षमता म्हणता येते. म्हणजे मदत हा तपासणीनंतरचा भाग नव्हेच, तो तपासणीचाच भाग आहे! दुसरीतले ते महिने नुसते वाट पाहण्यात घालवले तर तज्ज्ञासमोर ठेवायला काहीच उरत नाही.

यासाठी दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर लक्षात आल्याची तारीख. दर पंधरा दिवसांनी तोच उतारा वाचून घेऊन मिनिटाला किती शब्द बरोबर आले ते लिहावे, श्रुतलेखनाचा एक कागद चिकटवावा, काय वेगळे करून पाहिले ते नोंदवावे : ध्वनींचे खेळ, वाळूत अक्षरे गिरवणे, तोंडी उत्तरे. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना ही वही दाखवता येते, आणि मूल गाव सोडून निघाले तर तिची प्रत पालकांबरोबर देता येते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत एक तारीख मात्र विसरू नये. १४ वे वर्ष बहुधा आठवी-नववीत पूर्ण होते, आणि त्या वेळची फेरतपासणी राहून गेली तर दहावीच्या सवलतींचा अर्ज करताना अडचण येते. आठवीचा वर्ग हाती आला की जन्मतारखा पाहून घ्याव्यात. तीन महिन्यांची मुदत आणि त्याआधीच्या खेपा मागे मोजल्या की अर्ज कधी करायचा ते कळते.