‘सर्दी’ : एका शब्दाचा अर्थसंकोच

एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत येतो तेव्हा तो आपले सर्व अर्थ बरोबर आणतोच असे नाही. ‘सर्दी’ हा नित्य वापरातील शब्द याचे चांगले उदाहरण आहे.

फारसीत ‘सर्द’ म्हणजे थंड आणि ‘सर्दी’ म्हणजे थंडपणा. उर्दू-हिंदीत ‘सर्दी’ शब्दाने हवेतील थंडी, हिवाळा आणि पडसे असे तिन्ही अर्थ व्यक्त होतात. मराठीत मात्र मुख्यतः विकाराचा अर्थ रूढ झाला. अर्थाची व्याप्ती अशी कमी होणे म्हणजे अर्थसंकोच.

खुलताबाद परिसरात या दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. ‘खुलताबाद’ हे ‘खुल्दाबाद’ या नावाचे रूप. त्यात अरबी ‘खुल्द’ (शाश्वतता) आणि फारसी ‘आबाद’ (वसलेले) हे शब्द आहेत. 1948पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. ‘आज बहुत सर्दी है’ असे उर्दू भाषक म्हणतो, तेव्हा तो हवेविषयी बोलत असतो. ‘आज फार सर्दी आहे’ असे मराठी भाषक म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या प्रकृतीची चौकशी करतो.

हा संकोच का झाला असावा? हवेतील थंडीसाठी मराठीजवळ थंडी, गारठा, हिंव असे शब्द होतेच. ‘हिंव’ संस्कृत ‘हिम’पासून आला, ‘हिवाळा’ म्हणजे हिमकाल. विकारासाठीही ‘प्रतिश्याय’पासून झालेला ‘पडसे’ हा शब्द होता. परंतु थंडी बाधल्याने पडसे होते, या समजुतीमुळे कारणाचे नाव विकाराला मिळाले आणि ‘बाजारहाट’, ‘कागदपत्र’ यांप्रमाणे ‘सर्दी-पडसे’ ही जोडी जमली.

‘सर्द’ या विशेषणाने मात्र वेगळी वाट धरली. ‘सर्द हवा’ म्हणजे दमट हवा. ‘बातमी ऐकून तो सर्द झाला’ म्हणजे स्तंभित झाला. दुसऱ्या उदाहरणात अर्थ लाक्षणिक आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ‘सर्द’ आणि ‘शरद’ यांच्या उच्चारसाम्यावरून त्यांचे मूळ एक मानू नये. संस्कृत ‘शरद्’चे नाते फारसीतील वर्षवाचक ‘साल’ या शब्दाशी आहे. व्युत्पत्ती ठरवताना ध्वनिसाम्याइतकेच ध्वनिपरिवर्तनाचे नियम आणि अर्थाचा इतिहास पाहावा लागतो.

स्वाध्याय : आपल्या परिसरात थंडीसाठी वापरले जाणारे पाच शब्द नोंदवा. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करून अर्थभेद स्पष्ट करा.