पावसानंतरची दाद

वाचकहो, पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हां आदिलाबादकरांस पावसाची जितकी ओढ, तितकेच त्याचे भय. आमचा जिल्हा कापसाच्या काळ्या मातीचा. ही माती पाणी धरून ठेवते. शेतकऱ्यास ते वरदान वाटते, पण गावाच्या वस्तीत तेच पाणी दिवसेंदिवस हटत नाही. जुलै-ऑगस्टात दोन दिवस संततधार लागली की नाल्या तुंबतात, मातीच्या भिंती फुगून खचतात, विहिरींत गढूळ पाणी शिरते आणि तारांवर झाडे कोसळतात. मग पाऊस ओसरताच दुसरा लोंढा सुरू होतो, तो गाऱ्हाण्यांचा. आज आम्हांस त्याविषयी दोन शब्द लिहावयाचे आहेत.

गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या मनुष्यापुढे पहिली अडचण ही, की जावे कोठे? नाली तुंबली तर नगरपालिका. तार तुटली तर वीज कंपनी. तिच्यासाठी 1912 हा क्रमांक आहे. जिवावर बेतले तर 112. घर पडले तर तहसीलदार कचेरी. शिकलेल्यांसही हे सारे ठाऊक असतेच असे नाही. मग रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने ते कोठून जाणावे? एका कचेरीतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे अशा खेपांत तिची मजुरी बुडते. दोन दिवसांची मजुरी गेल्यावर ती नाद सोडून देते. कचेरीच्या वहीत मात्र तिच्या आळीतून तक्रार नाही, एवढीच नोंद उरते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. शंभर तक्रारी एकाच दिवशी आल्या, तर आधी कोणाकडे धावावे? जो आधी आला त्याच्याकडे, की जो मोठ्याने बोलतो त्याच्याकडे? हा प्रश्न केवळ आमच्या गावाचा नव्हे. जगातील थोरथोर शहरांनी त्याची ठेच खाल्ली आहे.

आमच्याकडे जसा पाऊस, तसा थंड देशांत बर्फ. 1969 सालच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क शहरावर सुमारे पंधरा इंच बर्फ पडले. मॅनहॅटनचे रस्ते त्या मानाने लवकर मोकळे झाले. परंतु क्वीन्स या उपनगरातील गल्ल्या कित्येक दिवस बर्फाखालीच राहिल्या. बर्फ उपसणारी पुष्कळशी यंत्रे नादुरुस्त होती. त्या वादळात 42 माणसे दगावली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी क्वीन्समधील होती. महापौर जॉन लिंडसे तेथे गेले, तेव्हा लोकांनी त्यांची निर्भर्त्सना केली. लोकांच्या संतापाचे मूळ बर्फात नव्हते. आपली आठवण शेवटी झाली, हे शल्य त्यांना बोचत होते.

दूर कशाला जावे? 26 जुलै 2005 रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास पडलेला पाऊस होता अवघा 73 मिलिमीटर! शहर एक, दिवस एक. पण एका टोकास प्रलय, तर दुसऱ्या टोकास नेहमीचा पावसाळा. महापालिकेचे मुख्यालय शहराच्या दक्षिण भागात, कुलाब्याच्याच बाजूला आहे. तेथल्या खिडकीतून आभाळाकडे पाहणाऱ्यास उपनगरांतील आकांत कसा दिसावा? खिडकी कितीही मोठी असली, तरी दूरच्या आळीतले पाणी तीतून दिसत नाही. त्यासाठी त्या आळीतूनच कोणी तरी हाक मारावी लागते.

ही हाक ऐकण्याकरिता शहरांनी यंत्रणा उभारल्या. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने 1996 साली 311 हा एकच क्रमांक सुरू केला. न्यूयॉर्कने तो 2003 साली स्वीकारला. मुंबईकर आपत्तीच्या वेळी 1916 फिरवतात. एक क्रमांक, एक नोंद, आणि त्या नोंदीवर पुढे जाब विचारता येतो. बर्फाळ प्रदेशांतील अनेक शहरे तर रस्त्यांचा क्रम बर्फ पडण्यापूर्वीच ठरवून ठेवतात: आधी रुग्णालये, अग्निशामक दल आणि हमरस्ते, नंतर गल्लीबोळ. वादळात वशिल्याला वाव राहू नये, हा त्यातील हेतू.

तथापि या उत्तम व्यवस्थेतही एक छिद्र राहतेच. जो फोन करतो तो मोजला जातो. जो करीत नाही तो मोजला जात नाही. म्हणून ज्या मोहल्ल्यातून तक्रारी कमी, तेथे दुःख कमी, असे समजणारा अधिकारी फसतो. पुष्कळदा तेथे तक्रार करावयाची उमेदच उरलेली नसते.

आमच्या जिल्ह्यात दर सोमवारी कलेक्टर कचेरीत ‘प्रजावाणी’ भरते. कोणीही यावे, अर्ज द्यावा, अशी ही सोय आहे. तिची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. परंतु येथे भाषेचा उंबरठा आडवा येतो. या भूमीत तेलुगु, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी अशा कितीतरी भाषा नांदतात, आणि कचेरीचा कारभार मुख्यतः तेलुगूत चालतो. बेला, जैनद या बाजूच्या मराठी घरांत, किंवा एखाद्या गोंड पाड्यावर, अर्ज लिहिणारा कोण? पैसे देऊन लिहून घ्यावा, तर लिहिणारा काय लिहितो हे वाचता येत नाही.

याचे परिणाम किती कडू असतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. एका वृद्ध विधवेच्या घराची मागची भिंत रात्री कोसळली. उघड्या घरात निजावे कसे, म्हणून शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी मातीने ती उभी करून दिली. त्यांनी केले ते सत्कृत्यच. पण पंचनाम्यास मंडळी आली तेव्हा भिंत उभी! तिच्या हाती काहीच पडले नाही. केंद्र सरकारने 2022 साली ठरविलेल्या दरांनुसार, किमान 15 टक्के पडझड झालेल्या कच्च्या घरास 4,000 रुपये आणि पक्क्या घरास 6,500 रुपये साहाय्य मिळते. सपाट प्रदेशातील घर पूर्ण पडल्यास 1,20,000 रुपये. 4,000 रुपये आपणांस थोडे वाटतील. त्या म्हाताऱ्या माउलीचे छप्पर त्यावर अडले होते.

म्हणून अधिकाऱ्यांस आमचे नम्र सांगणे आहे. कामाचा क्रम आवाजावरून न ठरविता गरजेवरून ठरवावा. जेथून कोणी आले नाही, तेथे आपण होऊन एक फेरी टाकावी. आणि ‘निकाली’ असा शेरा मारण्यापूर्वी अर्जदारास एकदा विचारावे, कारण कागदावर मोकळी झालेली नाली आळीत तुंबलेलीच असू शकते.

आणि वाचकहो, आपणांसही एक विनंती. आपल्यापैकी अनेकांस तेलुगु लिहिता येते, घरोघरी फोन आहेत. पावसाची उघडीप होताच आपल्या तक्रारीबरोबर शेजारच्याचीही तक्रार लिहा. अर्जात आळीचे नाव, जवळची खूण, घटनेचा दिवस व वेळ स्पष्ट घाला. पडलेल्या भिंतीचे छायाचित्र दुरुस्तीपूर्वीच काढून ठेवा. अर्जाची पोच आणि क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका, आणि लिहिलेला अर्ज ज्याचा आहे त्यास त्याच्या भाषेत वाचून दाखवा.

हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्यास ना देणगी लागते, ना पदवी. येत्या पावसाळ्यात आपल्या आळीतील कोणते घर कचेरीपर्यंत पोहोचू शकणार नाही, याचा विचार आभाळ भरून येण्यापूर्वीच करून ठेवू या.