पोलिसांची शिरगणती

गणेश विसर्जनाच्या दिवशी चौकात सकाळपासून उभा असलेला पोलीस शिपाई आपण सर्वांनीच पाहिला आहे. मध्यरात्री परतताना तोच तेथे दिसतो, तेव्हा मनात येते की याला मोकळे करायला दुसरा माणूस का नाही? ‘पोलीस कमी आहेत’ हे उत्तर तयारच असते. पण किती कमी, कोठे कमी, आणि हे ठरवायचे कशावरून?

गुन्हे मोजण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर ती १९३० पासून चालू आहे. परंतु पोलीस दलांचा कारभार तपशीलवार मोजण्याची पाहणी तेथील न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाने १९८७ साली सुरू केली. कारण उघड आहे. तेथे एक पोलीस खाते नाही. गावोगावी स्वतंत्र दले आहेत. २००८ च्या गणनेत राज्य व स्थानिक मिळून १७,९८५ दले भरली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या दलांत दहासुद्धा अधिकारी नव्हते. उलट एकट्या न्यूयॉर्क शहराच्या दलात तीस हजारांहून अधिक!

इतक्यांना दरवेळी विचारणे अवघड. म्हणून शंभर किंवा अधिक अधिकारी असलेल्या सर्व मोठ्या दलांना प्रश्नावली जाते आणि लहान दलांतून नमुना निवडला जातो. मनुष्यबळ, अंदाजपत्रक, पगार, भरतीसाठी लागणारे शिक्षण, प्रशिक्षणाचे तास, शस्त्रे, असे अनेक प्रश्न त्यात असतात. शपथ घेतलेला, अटकेचा अधिकार असलेला अधिकारी वेगळा आणि कचेरीतला कारकून वेगळा मोजतात. ही वाटणी केली नाही तर दोन दलांची तुलनाच फसते.

या आकड्यांतून काय हाती लागते? स्थानिक पोलिसांत १९८७ साली स्त्रिया सुमारे ८ टक्के होत्या. २०१३ साली त्या सुमारे १२ टक्के झाल्या. म्हणजे सव्वीस वर्षांत जेमतेम चार टक्क्यांची भर! ‘आता पुष्कळ स्त्रिया पोलिसांत आहेत’ या समजुतीला त्यामुळे मोजमाप मिळाले. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. प्रश्नावली भरणारे ते दलच असते. आपल्या कारभाराचे चित्र तेच रेखाटते.

आपल्याकडे पोलीस हा राज्यांचा विषय आहे. १९७० साली स्थापन झालेला केंद्राचा पोलीस संशोधन व विकास ब्यूरो राज्यांकडून आलेली माहिती संकलित करून प्रसिद्ध करतो. त्यातील ‘मंजूर पदे’ आणि ‘प्रत्यक्ष भरलेली पदे’ हे दोन रकाने नीट वाचावेत. समजा, साठ हजार वस्तीच्या गावी शंभर पदे मंजूर आहेत, पण भरलेली पंचाहत्तरच. कागदावर सहाशे माणसांमागे एक पोलीस. प्रत्यक्षात आठशेंमागे एक. त्यातही पाळ्या, रजा आणि बंदोबस्त वजा केले, म्हणजे रस्त्यावर किती उरतात याचा हिशेब वाचकांनीच करावा.

चौकातल्या त्या शिपायाला दुसरा माणूस का मिळत नाही, याचे उत्तर या दोन रकान्यांमधील अंतरात शोधावे लागते. ते अंतर मोजले गेले, तरच कोणाला तरी जाब विचारता येईल.